गाय तोंड लावत नाही तो चहा

वैशाख आला की आमच्या नगरच्या गल्लीत दुपारी माणूस दिसत नाही. किराणावाल्याचं शटर अर्धं खाली, रिक्षा लिंबाखाली, आणि गल्लीतली तांबडी गाय आमच्या भिंतीच्या हातभर सावलीत अंग चोरून उभी. सावली सरकते तशी तीही सरकते. मी गॅलरीतून बघत बसते. या वयात दुपारची झोप येत नाही आणि रात्रीचीही येत नाही, त्यामुळं जगात काय काय कसं सरकतं हे बघायला मला भरपूर वेळ असतो.

परवा नात आली. मुग्धा तिचं नाव, पुण्याला नोकरी करते. येताना माझ्यासाठी चहाची पेटी घेऊन आली. पेटी अशी देखणी की आत दागिना असावा. उघडली तर कागदी पाकिटात एकेक पुडी, पुडीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. देवाला नवस बोलताना बांधतात तसं काहीतरी.

"आजी, यात कॅफिन अजिबात नाही. रात्री प्यायलीस तरी चालेल. छान झोप लागेल."

"आणखी काय काय होतं?"

तिनं पेटीवरचं वाचून दाखवलं. पचन सुधारतं. पोट हलकं राहतं. मन शांत होतं. ताण जातो. मी एक पुडी नाकाला लावली आणि हसले.

"अगं मुग्धे, हा तर पातीचा चहा. आपल्या कुंडीतला."

"लेमनग्रास आहे आजी ते."

"तेच ते. लग्न झालं की बायका नाव बदलतात, तसं याचंही झालेलं दिसतंय."

ती हसत आत गेली. माझं हसू मात्र तिथंच थांबलं, कारण पुडी अजून नाकाशी होती. वासाला तारीखवार समजत नाही. तो सरळ येतो आणि ज्या दारातून आत शिरायचं त्याच दारातून शिरतो. मी गॅलरीत बसले होते, पण पायाखाली फरशी नव्हती. भेगाळलेलं अंगण होतं, पाथर्डीच्या बाजूचं, बहात्तर सालच्या दुष्काळातलं, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं.

पातीचा चहा म्हणजे गवती चहा. तसं पाहिलं तर त्याचा चहाशी काही संबंध नाही. ना तो त्या झाडाचा, ना त्या कुळाचा. गवत आहे ते, चांगलं कमरेएवढं वाढणारं, पात्याची धार अशी की बेसावध ओढलं तर बोट कापतं. बुंधा तांबूस, आणि चुरगळलं की लिंबासारखा वास. या वासाचं तेल काढतात, ते साबणात घालतात, अत्तरात घालतात. डासांना तो आवडत नाही. माणसाला आवडतो. ताप असला की याचा काढा पाजून पांघरूण घालतात, घाम फुटतो आणि अंग मोकळं होतं. सर्दीला, पोटातल्या वाऱ्याला, बाईच्या महिन्याच्या दुखण्याला, जेवण अंगावर आलं तर, जेवण गेलंच नाही तर, सगळ्याला हाच. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "डाक्टर ज्याला नाव देतो त्याला गोळी. ज्याला नाव न्हाई त्याला पात."

आणि आणखी एक म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणात मोरीच्या तोंडाशी तो ठोंब बघून मी विचारलं होतं, "याला कुंपण नाही घालायचं? गुरं खातील की."

"न्हाई खात. ढोरं तोंड लावीत न्हाईत त्याला. वासानं मागं सरत्यात. म्हून तर दारात लावलाय." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तेला खायला मानसाचीच जात लागती. येडी."

मी तेव्हाची कशी होते, ते सांगायला आता मला लाज वाटत नाही, गंमत वाटते. नगरची, मॅट्रिक झालेली, दोन वेण्यांची, कपाळावर कुंकवाची टिकली अशी नेमकी की जणू पट्टीनं मापून लावलेली. रुखवतात काय काय होतं विसरले, पण ट्रंकेत एक पत्र्याचा डबा होता, गच्च भरलेला, चहाच्या पावडरीचा. माहेरी सकाळ-संध्याकाळ दुधाचा चहा आणि पाहुणे आले की मधला. माझ्या मनात अशी पक्की समजूत होती की चहा पिणारी माणसं ती सुधारलेली आणि बाकीची उरलेली. अशी सुधारलेली मुलगी पाण्याचा खडखडाट असलेल्या गावात पडली. आत्याबाई शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं, "नगरचं नाणं हाय. खळखळ लई वाजतंय."

पहिलं वर्ष पाऊस चुकला तेव्हा लोक म्हणाले, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी लोक काही म्हणाले नाहीत. गावातले पुष्कळजण कोयते घेऊन ऊसतोडीला गेले होते, आमचे हेही गेले, प्रवरेच्या बाजूला. तोड लवकर संपली, कारण ऊसच थोडा. मग ते तिकडेच विहिरीच्या कामावर राहिले. घरात आम्ही तिघं. मी, आत्याबाई आणि मामंजी.

मामंजींचं पोट त्या हिवाळ्यापासून बिघडलं होतं. नाव नव्हतं त्या दुखण्याला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हलकं खायला द्या, दूध द्या. मामंजी येताना वाटेत एकटेच हसत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "दूद द्या म्हनला. कुनाचं ते सांगायचं इसरला."

आमच्या घरी एक गाय उरली होती. चांदी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. बैल छावणीत धाडले होते, तिथं सरकारी चारा मिळायचा. पण छावणी लांब, आणि चांदी गाभण, तेवढं चालणं तिला झेपलं नसतं. म्हणून ती दावणीलाच. तिच्यासाठी आमचे हे उसाचं वाढं पाठवायचे, म्हणजे तोडलेल्या उसाचे शेंडे, ते वाटेतच वाळून कडकड व्हायचे. ते संपलं की कडब्याचा चुरा. तोही संपला की ती दावणीची माती हुंगायची. मामंजींची बाज अंगणातल्या लिंबाखाली होती. समोर गोठा. दिवसभर दोघं एकमेकांकडं बघायचे. आम्ही दोघी कामावर.

काम म्हणजे खडी फोडायचं. दुष्काळी काम. रस्ता कुठून कुठं जाणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण खडी लागणार हे नक्की होतं. डोक्यावर वैशाखाचं ऊन, मांडीशी दगड, हातात हातोडा. सुरुवातीला मी हातरुमाल गुंडाळून हातोडा धरायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "सुमन, दगडाला इस्त्री करतीस का गं?" एकदा मुकादमानं विचारलं, शिक्षण किती. मी मान ताठ करून सांगितलं, मॅट्रिक. तो म्हणाला, बरं, मग जरा मोठे दगड घ्या. संध्याकाळी सुकडी मिळायची, म्हणजे सरकारी गोड भरड पीठ, ती पदरात घेऊन घरी.

घरात दूध नाही, साखर नाही, म्हणून मी माझ्या डब्यातली पावडर नुसत्या पाण्यात उकळून प्यायचे. गुपचूप नाही, मोठ्या दिमाखात. आत्याबाई म्हणायच्या, "ते काळं पानी पिऊन काय मिळतं तुला?" मी म्हणायचे, तरतरी येते. मग डबा संपला. दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं असं ठणकायला लागलं की खडीचा आवाज डोक्याच्या आत यायचा. आत्याबाईंनी मला पातीचा चहा दिला, गूळ घालून, चिमूटभर सुंठ घालून. मी तो तोंड वाकडं करून प्यायले आणि डोकं आणखी दुखलं. म्हणून मी निदान केलं की हे डोकं याच गवतानं दुखतंय. मॅट्रिकच्या जोरावर मी ते सगळ्यांना ऐकवलंही.

आत्याबाईंना वाटलं, नजर लागली. घरात पाण्याची मारामार, पण मिरच्या होत्या. त्यांनी मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की आम्ही दोघी अंगणात पळालो. तेवढा वेळ डोकेदुखी विसरले हे खरं. चांदीसुद्धा शिंकली. मामंजी बाजेवरून म्हणाले, "नजर लागलीच आसंल, तर गायीचीबी निघाली आता."

पन्नास वर्षांनी परवा मुग्धानं सांगितलं की त्याला नाव आहे. चहाची सवय असलेल्या माणसानं चहा एकदम सोडला की असं डोकं दुखतं, कॅफिन मागत असतं ते. मग थांबतं. माझंही थांबलं होतं. आणि थांबल्यावर मी संध्याकाळची वाट बघायला लागले होते, त्याच गवताच्या वाटीची. हे मात्र मी कुणाला ऐकवलं नव्हतं.

त्या ठोंबाला जगवायचं कसं, हा प्रश्न होता. विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी खरवडून हंडा भरायचा, तो दोन शेतं ओलांडून आणायचा. प्यायला पुरलं तर नशीब. झाडाला पाणी घालायचं म्हणजे माणसाच्या तोंडचं काढून घालायचं. त्यावर आत्याबाईंनी एक रीत काढली होती, आणि घरातल्यांना सोडाच, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ती मोडायची मुभा नव्हती. घरातला पाण्याचा थेंब आधी माणसाच्या कामी यायचा आणि मग ठोंबाच्या. चूळ भरायची ती ठोंबावर. हात धुवायचे ते ठोंबावर. बाजरी धुतली, पाणी ठोंबावर. पाहुणा आला तर त्याला अर्धा तांब्या द्यायचा आणि सांगायचं, पाय तिकडं, पातीपाशी धुवा. अंघोळ आठवड्याला एक, तीही मोरीच्या दगडावर, ठोंबाकडं तोंड करून.

माझ्याकडं माहेरचा वासाचा साबण होता. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"साबन न्हाई चालायचा. मुळी जळत्यात त्याच्या."

"मग मी अंघोळ कशी करू?"

"तू न्हाई धुतलीस तर मरत न्हाईस. त्ये मरंल."

चूळ टाकायचीही मला धड येत नव्हती. माहेरी बेसिनमध्ये हळूच टाकायची सवय. इथं मी ठोंबापाशी वाकून अशी नाजूकपणे चूळ सोडायचे की निम्मी साडीवर पडायची. आत्याबाई म्हणायच्या, "लांबून मार की. देवाला फूल वाहतीस का?" थोड्या दिवसांत मी पट्टीची झाले. तीन हातांवरून चूळ मारली तरी बरोबर बुंध्यावर पडायची. माझ्या त्या तारुण्यात मी दुसरं काही शिकले की नाही ठाऊक नाही, पण ही कला अंगी मुरली.

हा सगळा आटापिटा कशासाठी होता, तर मामंजींच्या पोटासाठी. भाकरी त्यांच्या पोटात ठरत नव्हती. सुकडी ठरत नव्हती. पाणी प्यायले तरी उलटून पडायचं. पण पातीचा चहा ठरायचा. गरम गरम, घोट घोट. तो पोटात गेला की थोड्या वेळानं कपाळावर घाम यायचा, ढेकर यायची, आणि मग म्हणायचे, "आन आता कन्या." वाटीभर बाजरीच्या कण्या मग आत जायच्या आणि आत राहायच्या. पात नसली तर कण्याही नसायच्या. ते गवत म्हणजे त्यांच्या पोटाची किल्ली होती. आत्याबाई रोज मोजून चार पाती कापायच्या. पाती कापताना बुंध्याला हात लावून बघायच्या, आत ओल आहे का. आजारी माणसाचं कपाळ बघतात तसं.

हे औषध होतं का? आज पेटीवरचं वाचून वाटतं, असेलही. पण तेव्हाही आम्हाला कुणाला वाटत नव्हतं की मामंजी त्यानं बरे होतील. दिवस निघत होता, एवढंच. दिवस निघणं ही त्या उन्हाळ्यात काही लहान गोष्ट नव्हती.

त्या दिवशी खडीवरून यायला उशीर झाला नव्हता. ऊन अजून होतं. सुकडी पदरात, पुढं आत्याबाई, मागं मी. अंगणाच्या तोंडाशी आत्याबाई अशा थांबल्या की मी त्यांच्या पाठीवर आदळले.

चांदी मोरीपाशी उभी होती. मान खाली. तोंड ठोंबात.

खात होती. आवाज येत होता. चराचरा, त्या धारदार पात्यांचा. गुरं ज्याच्या वासानं मागं सरतात ते गवत ती जिभेनं वळवून वळवून ओढत होती. जमीन एवढी कोरडी की पातीबरोबर मूळ वर येत होतं, मातीसकट, आणि ती मातीसकट खात होती.

आत्याबाईंनी वाकून दगड उचलला. "हाऽड! हाड, रांडे!" हात वर गेला.

"ऱ्हाऊ दे."

मामंजी बाजेवर नव्हते. लिंबाच्या बुंध्याला टेकून जमिनीवर बसले होते. धाप लागलेली. दोन्ही गुडघे मातीनं भरलेले. मी गोठ्याकडं पाहिलं. दावं तुटलं नव्हतं. खुंट्याला नीट गुंडाळून ठेवलेलं होतं, त्यांची नेहमीची पद्धत, गाठ सोडली की वेटोळं करून ठेवायचं. ज्या माणसाला बाजेवरून उतरायला दोन माणसं लागत, तो अंगण ओलांडून रांगत गेला होता आणि रांगत परत आला होता.

"तुमी सोडली?" आत्याबाईंच्या हातात दगड तसाच.

"सकाळधरनं मान ताणून ऱ्हायली व्हती तिकडं. दावं गळ्यात रुतलं तरी मान माघारी घेईना."

"आन तुमाला काय देऊ मी आता? कशावर कन्या घालू तुमच्या पोटात?"

मामंजी हसले. तशा अवस्थेतही मिशीत हसले. "मला? मी काय गाभन हाय?"

मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं. आणि ते अर्ध्यावर मोडलं, कारण आत्याबाई दगड खाली टाकून तिथंच बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. मी तेव्हा एवढी शहाणी होते की मला वाटलं, त्या ठोंबासाठी रडतायत.

मग मामंजी बोलले ते हळू, बहुतेक स्वतःशीच. "ढोरानं ह्याला तोंड लावलेलं माज्या बापानंबी पायलं नसंल. किती भूक आसंल तिला." आणि म्हणाले, "सरकार टंचाई म्हनतंय. तलाठी म्हनतो, टंचाई. म्हनू दे. गाय पात खाती, तवा त्याला दुष्काळ म्हनायचं."

किती वेळ लागणार एवढ्याशा ठोंबाला. माणसाला महिना महिना पुरणारा तो गाईच्या तोंडात चार घास. संपल्यावर ती तशीच उभी राहिली, आणखी असेल म्हणून. मी तिला धरून दावणीकडं नेलं. तिच्या श्वासाला वास येत होता, त्या चहाचा, गरम, ओला. तिचं तोंड माझ्या दंडाला लागलं आणि माझ्या अंगाला-पदराला तो वास लागला. अंघोळीचा दिवस लांब होता.

पुस्तकात असतं तर यानंतर चांदी वाचली असती. वासरू झालं असतं, मामंजींना दूध मिळालं असतं. चार घासांनी गाय वाचत नाही. ती नंतरच्या थोड्याच दिवसांत बसली ती उठली नाही, आणि वासरू तिच्या पोटातच राहिलं. तिला ओढून नेलं तेव्हा मामंजींनी बाज फिरवून घेतली, भिंतीकडं.

संध्याकाळी आत्याबाई त्यांच्यासाठी गुळाचं गरम पाणी करायच्या, त्याच वाटीत. वाटी मामंजींच्या हातात मी ठेवायचे. ते नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "झ्याक झालाय. वास येतोय." आत्याबाई आत तोंड करून चूल सारवल्यासारखं करायच्या. वास येत नव्हता. तो कुठं राहिला होता तर माझ्या पदराला, आणि तोही हळूहळू गेला. कण्या पोटात ठरेनाशा झाल्या. आषाढात ढग आले, नुसते आले, आणि मामंजी गेले.

मला वाटायचं, मुळाचा एखादा तुकडा मातीत राहिला असेल, तो फुटेल. फुटला नाही. तरी एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. ठोंब गेल्यावरही आम्ही दोघी त्या खड्ड्यावरच चूळ भरायचो. हात तिथंच धुवायचो. कुणी कुणाला म्हणालं नाही की आता कशाला. पाहुणा आला की आत्याबाईंच्या तोंडून निघायचं, पाय तिकडं, पातीपाशी धुवा. पाहुणा बघायचा. तिथं पात नसायची. तरी तोही तिथंच पाय धुवायचा. त्या साली कुणाच्याही दारात काहीतरी नसायचंच.

देवळाली प्रवरेला आत्याबाईंची बहीण होती, पाऊस झाल्यावर तिच्याकडून त्यांनी नवा ठोंब आणला, ओल्या फडक्यात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन. तिकडं पाटाचं पाणी, ऊस, पात कमरेच्या वर. त्याच खड्ड्यात लावला. पहिली कापणी आली तेव्हा मला वाटलं आता चहा होणार. आत्याबाई पाती घेऊन गोठ्यात गेल्या आणि रिकाम्या दावणीत ठेवून आल्या. मग दुसऱ्या कापणीचा चहा केला. मी विचारलं नाही. नगरचं नाणं तोवर वाजायचं थांबलं होतं.

थांबलं होतं म्हणते खरं. त्या उन्हाळ्यात मी मनाशी शपथ घेतली होती की आता जन्मभर पावडरीचा चहा पिणार नाही. मामंजींच्या आठवणीनं. फार गंभीरपणे घेतली होती, डोळ्यांत पाणी आणून. दिवाळीला माहेरी गेले, आईनं दुधाचा चहा पुढं केला, आलं-वेलदोडा घातलेला. मी शपथेची आठवण ठेवून एक कप नाही म्हटलं आणि दोन प्यायले.

पुढं आम्ही नगरला राहायला आलो. आत्याबाई आल्या, ठोंबही आला. त्या गेल्या, तो राहिला. आज गॅलरीतल्या कुंडीत आहे तो त्याच्याच मुळांतला. मी अजून चूळ त्याच्यावर भरते. सून म्हणते, "आई, अहो बेसिन आहे ना." मी म्हणते, बेसिनाला काय, ते कुठं वाळतंय. मुग्धाला हे फार मजेचं वाटतं. परवा तिनं मला विचारलं, "आजी, इतकी वर्षं पितेस, खरंच फरक पडतो का गं? झोप लागते?"

मी म्हटलं, पोट हलकं राहतं. घसा बरा राहतो. झोप काही त्यानं येत नाही, झोप गेली ती गेली. आणि ताण? पेटीवर लिहिलंय ते लिहिणाऱ्याला विचार.

ती झोपली दुपारी, पंख्याखाली. मी कुंडीतली चार पाती कापली, पदराखाली घेतली आणि जिना उतरून गल्लीत गेले. हे मी दर वैशाखात करते. घरात कुणाला ठाऊक नाही. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील, आणि ते म्हणणं चुकीचंही ठरणार नाही. तांबडी गाय भिंतीच्या सावलीत उभी होती. मी पाती तिच्या तोंडापुढं धरली.

दरवर्षी मी अशी उभी राहते आणि दरवर्षी वाटतं, ही तोंड लावते की काय. यंदा पाऊस उशिरा म्हणतात. पाथर्डीच्या बाजूला टँकर सुरू झालेत. वर्तमानपत्रात शब्द आहे, टंचाई.

गाईनं मान पुढं केली. हुंगलं. नाकपुड्या फुलल्या. बराच वेळ हुंगत राहिली, मागच्या वर्षीपेक्षा जास्त वेळ. मग फुरफुरली, तोंड बाजूला फिरवलं आणि सावलीबरोबर एक पाऊल सरकली.

नको म्हणाली. मी पाती पदराखाली घेतली आणि घरी येऊन चहा टाकला.